समक्ष

“माफ कर हं बाळा, माझ्या बोटांनी तुला फार त्रास दिला.”

आई हे बँकेतल्या मुलाला म्हणाली, आणि ते वाक्य नोव्हेंबरपासून माझ्या डोक्यातून जात नाही. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आम्ही गेलो होतो. काचेची लहानशी खिडकी असलेली काळी डबी, तिच्या आत लाल उजेड. त्या मुलाने आधी डबीची काच पुसली, मग आईचं बोट पुसलं. “आजी, हलकं ठेवा. नाही नाही, दाबू नका. आता जरा दाबा.” उजवा अंगठा झाला, तर्जनी झाली, मग डावा हात. दर वेळी स्क्रीनवर तीच एक ओळ यायची आणि मुलगा हळूच म्हणायचा, “नाही उठत.” दहाही बोटं झाली, पुन्हा पहिल्यापासून झाली. मागे रांग होती. कुणीतरी घसा खाकरला. आई कडक इस्त्रीची सुती साडी नेसून, चष्मा पुसून, वेळेआधी दहा मिनिटं येऊन बसली होती. त्याने विचारलं तेव्हा तिने स्वतःचं पूर्ण नाव, खातं क्रमांक आणि निवृत्तीची तारीख न अडखळता सांगितली होती. ती जिवंत आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि उत्तर काही केल्या उठत नव्हतं.

तो मुलगा वाईट नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचंय. तो शेवटपर्यंत चिडला नाही. “उद्या सकाळी लवकर या आजी, रात्री हाताला तेल लावून ठेवा, कधी कधी येतो ठसा,” असं त्याने सांगितलं. त्याच्यावर राग काढता आला असता तर मी घरी येऊन बरी झोपले असते.

त्या रात्री आई जेवणं झाल्यावर खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसली आणि एकेक बोट चोळू लागली. मी शेजारी बसून तिची बोटं पहिल्यांदा नीट पाहिली. अंगठ्याचा गर झिजलेल्या नाण्यासारखा गुळगुळीत झाला होता. रेषा होत्या, पण पाटीवरचं अक्षर ओल्या फडक्याने पुसल्यावर जेवढं मागे उरतं तेवढ्याच. वय झालं की कातडीतला ओलावा जातो, उंचवटे बसतात, ठसा फिका होतो. सिमेंट कालवणाऱ्यांचा, धुणीभांडी करणाऱ्यांचा, ऊस तोडणाऱ्यांचा तर वयाआधीच जातो. आईचा एकतीस वर्षांच्या खडूने गेला असेल, घरकामाने गेला असेल, किंवा नुसत्या म्हातारपणाने गेला असेल. रेशन दुकानाच्या रांगेत “अंगठा लागत नाही” हे शब्द मी किती वेळा ऐकले होते! ते दुसऱ्यांचे अंगठे होते. ज्या हातांनी जास्तीत जास्त काम केलंय तेच हात यंत्राला कमीत कमी ओळखू येतात, ही गोष्ट आपल्या आईचा हात हातात घेईपर्यंत मला खरी जाणवली नव्हती.

तेल चोळता चोळता ती म्हणाली, “मी किती जणांचे दाखले लिहिले असतील गं?”

जिल्हा परिषदेच्या शाळेतला तो जून मला अजून वासासकट आठवतो. ओल्या भिंती, नवी बारदानाची पट्टी, शाईची दौत. आईपुढे टेबलावर जनरल रजिस्टर उघडलेलं असायचं, लांबलचक, कोपरे दुमडलेलं, आणि मी बाकाच्या टोकाला बसून बघत असायचे. समोर बाया उभ्या, पोरं पदराआड. “जन्मतारीख?” याला उत्तरं यायची ती अशी : पोळ्याच्या आदल्या दिवशी. थोरल्या दिराचं लगीन झालं त्या साली. दुष्काळाच्या पुढल्या पावसात. मग आई पोराला सांगायची, “हात डोक्यावरून ने आणि पलीकडचा कान धर बघू.” बोटं कानाला पोचली की सहा वर्षं पुरी. रजिस्टरात तारीख पडायची, १ जून. अख्ख्या महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं इतकी का, हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. तशा शेकडो माणसांचा जन्म माझ्या आईच्या हस्ताक्षरात झाला आहे. काहींची नावंसुद्धा. “घरी काय म्हणता?” “बारक्या.” “बारक्या नको, मोठा होईल तो,” असं म्हणून ती विचार करायची आणि त्या बाईला दोन-तीन नावं सुचवायची. बाईला आवडेल ते लिहायची.

जातीच्या रकान्यापाशी मात्र तिचा आवाज खाली यायचा. मला तेव्हा कळायचं नाही, आता कळतं. त्या एका शब्दाने पुढे कुणाला शिष्यवृत्ती मिळणार होती, वसतिगृह मिळणार होतं, कुळात पहिली नोकरी लागणार होती. आणि त्याच एका शब्दाने दहा वर्षांनी कुठल्याशा गावातला घरमालक दाखला उघडून पाहून “खोली नुकतीच दिली” म्हणणार होता. एकच रकाना. तो कुणापुढे उघडतो त्यावर सगळं. आईने तो कधी मोठ्याने वाचला नाही, आणि आमच्याकडचे कुणी पाहुणे शाळेत आले की रजिस्टर मिटून ठेवायची. माहिती जपायची म्हणजे काय, हे मी कुठल्या कायद्यात वाचण्याआधी तिथे पाहिलं.

पण मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. त्या बायांकडे एकही कागद नव्हता. आईने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांचं ऐकलं आणि लिहिलं. आज त्यांच्या नातवंडांच्या प्रत्येक कार्डाच्या बुडाशी कुठेतरी हा एक विश्वास आहे. माणसाने सांगितलं म्हणून कागद तयार झाला. मग कागदावरून कार्ड आलं, कार्डावरून यंत्रात नोंद गेली, आणि आता यंत्र माणसाला विचारतं, तू खरंच तोच का?

मराठीत ‘ओळख’ हा शब्द किती वेगळा आहे! माझी त्यांची ओळख आहे, जुनी ओळख आहे, ओळख काढून गेलो, ओळख ठेवा हं. त्याला दोन माणसं लागतात. एकट्या माणसापाशी ओळख असूच शकत नाही. ‘ओळखपत्र’ म्हटलं की तोच शब्द एका माणसाच्या खिशात जाऊन बसतो, आणि तो खिसा घरी राहिला तर माणूस अनोळखी होतो.

बोटाच्या ठशाची गोष्ट मी पुढच्या काही रात्री शोधत बसले, आणि ती सरळ आपल्याच देशात येऊन पोचली. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्याच्या खडीचा ठेका त्याने राज्यधर कोनाई नावाच्या माणसाला दिला, आणि करारनाम्यावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा शाईत उठवून घेतला. का? कोनाईला उद्या ‘ही सही माझी नाही’ म्हणायची छाती होऊ नये म्हणून. हर्शेलने स्वतःच तसं लिहून ठेवलंय. शास्त्र नंतर आलं, आधी धाक होता. पुढे १८७७ मध्ये हुगळीला त्याने कैद्यांचे, दस्त नोंदवायला आलेल्यांचे आणि पेन्शनरांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. पेन्शनर वारल्यावर दुसरंच कुणी येऊन पैसे उचलू नये, हा हेतू. ते वाचताना माझा हात थांबला. म्हणजे आई त्या बँकेत ज्या रांगेत उभी होती, ती रांग जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी हुगळीत सुरू झाली होती. आणि तिच्या पहिल्या टोकाला पेन्शनर, दस्तवाले आणि कैदी एकाच शाईने हात काळे करून उभे होते.

हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. मेलेल्याच्या नावावर पैसे खाणारे तेव्हा होते, आजही आहेत. पण संशय कुणावर धरायचा हे त्या पहिल्याच दिवशी ठरलं. देणारा कधी ठसा देत नाही. घेणाऱ्याला द्यावा लागतो.

याच ठशावरून गांधीजी दक्षिण आफ्रिकेत उभे राहिले, हे शाळेत एका ओळीत शिकून आपण पुढे गेलो. तिथल्या ट्रान्सव्हाल वसाहतीच्या सरकारने १९०६ मध्ये फर्मान काढलं : आशियाई माणसाने नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, परवाना सतत जवळ बाळगायचा आणि पोलिसाने मागितला की दाखवायचा. ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात जमलेल्यांनी शपथ घेतली की या कायद्यापुढे मान तुकवायची नाही. सत्याग्रहाचा उगम तिथला. मला त्यातला पुढचा भाग फार मोलाचा वाटतो. १९०८ च्या आरंभी तिथल्या सरकारातले मंत्री स्मट्स यांच्याशी समझोता झाला, लोकांनी आपखुशीने नोंदणी करायची आणि सरकारने सक्तीचा कायदा मागे घ्यायचा. गांधीजी ठसे द्यायला निघाले, तर त्यांच्याच एका पठाण अशिलाने वाटेत त्यांना बेदम मारलं. कालपर्यंत ज्याला अपमान म्हणत होता तोच आज कसा देता, म्हणून. गांधीजींनी तशा अवस्थेत अंथरुणावरून ठसे दिले. सक्तीने घेतलेला ठसा आणि राजीखुशीने दिलेला ठसा कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. तरी त्यांना त्यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसत होता, आणि त्या फरकासाठी ते मार खायला तयार होते. सरकारने कायदा मागे घेतला नाही तेव्हा, १६ ऑगस्ट १९०८ ला, हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत दोन हजारांवर परवाने जाळले गेले.

नोंदवही काय करू शकते याचा दाखला आपल्याला आफ्रिकेत जाऊन शोधायलाही नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींची नावं वहीत चढवली. पुढे तो कायदा आपल्या मुंबई इलाख्यातही आला. गुन्हा करायची गरज नव्हती, जन्म पुरेसा होता. पोलिसापुढे हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. देश स्वतंत्र झाला तरी देशभरातल्या त्या माणसांची नावं वहीतून निघायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. म्हणून त्यांच्या वस्त्यांत अजून तो दिवस मुक्तीचा म्हणून पाळतात. वही गेली, पण चौकीतली नजर गेली नाही. गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालाकडे वळते, हे आजही ज्यांच्या पालाकडे वळते त्यांना विचारावं. नोंद पुसली तरी ती ज्यांनी वाचली होती त्यांच्या मनातून पुसली जात नाही.

आणि आपण किती सहज देतो! आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे काउंटरखाली बिघडलेल्या प्रतींचा गठ्ठा असतो. एकदा पेन शोधताना माझी नजर तिथे गेली. वाकडी आलेली, निम्मी काळी पडलेली कार्डं. त्यांवर चेहरे, जन्मसाल, पत्ते, बारा-बारा आकडे. एक तरुण मुलगी, एक फेटेवाले आजोबा, शाळेच्या गणवेशातला एक मुलगा. पाठकोऱ्या कागदांवर तो हिशेब करत होता. त्याच्या मनात काही नव्हतं, कागद वाया जाऊ नये एवढंच. लॉजवर, भाडेकराराला, मुलाच्या शाळेला, सगळीकडे आपण एक प्रत सरकवतो, फार तर वर आडवी रेघ मारून कशासाठी दिली ते लिहितो. त्या प्रतीचं पुढे काय होतं हे विचारलं तर समोरचा आपल्याकडे असा बघतो, जणू आपणच काहीतरी लपवतोय. १९४८ चा जनगणना कायदा करणाऱ्यांना ही भीती ठाऊक होती. प्रगणकाने घेतलेली नोंद कुणालाही पाहता येणार नाही आणि त्याच कायद्याखालचा खटला सोडला तर कोर्टात त्या माणसाविरुद्ध पुरावा म्हणूनही चालणार नाही, असं त्या कायद्याच्या पंधराव्या कलमात स्वच्छ लिहिलंय. सरकारनेच सरकारला घातलेली ती शपथ आहे. म्हणून आपल्या आजीने दारात आलेल्या अनोळखी मास्तरांना घरातली सगळी माणसं मोजून सांगितली.

तरी आधार कार्ड नकोच, असं मला म्हणवत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं नाव आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या खाली होतं. आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या रेशनकार्डावर, तिसऱ्या ओळीत. त्यांचं स्वतःचं कार्ड आलं तेव्हा त्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलं आणि मला वाचून दाखवायला सांगितलं. मी नाव वाचलं, “आणखी एकदा” म्हणाल्या. त्या कार्डावर बँकेत खातं निघालं, आणि पगाराचे पैसे नवऱ्याच्या हाती लागायचे थांबले. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, तोही ज्यांना कुठलाच कागद नाही त्यांना कागद मिळावा या आशेवर. ती आशा खोटी नव्हती. मावशींचा चेहरा मी पाहिलाय. वर्षभराने त्याच मावशी सकाळी उशिरा आल्या, डोळे सुजलेले. दोन महिने अंगठा लागला नव्हता आणि दुकानदार म्हणाला होता, “मी काय करू, मशीन घेत नाही.” धान्य दुकानात पोत्यात होतं. बाई दुकानात उभी होती. दुकानदार त्यांना त्यांच्या लग्नापासून ओळखत होता.

हेच मला सलतं. ओळखणारा माणूस समोर असून त्याच्या ओळखण्याला किंमत उरली नाही.

सर्वोच्च न्यायालयात या सगळ्यावर वर्षानुवर्षं खल झाला. खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी स्वतः निवृत्त न्यायाधीश. २०१२ मध्ये त्यांनी अर्ज केला तेव्हा वयाने ऐंशीच्या पुढे होते. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. तोवर सरकारची बाजू अशी होती की असा हक्क घटनेत नाहीच. पुढे २६ सप्टेंबर २०१८ ला आधारचा निकाल लागला, चार विरुद्ध एक असा. कायदा टिकला, खासगी कंपन्यांना दिलेली मोकळीक गेली, आणि एकट्या न्यायमूर्ती चंद्रचूडांनी अख्ख्या कायद्यालाच घटनाबाह्य म्हटलं. हे सगळं पेपरात आलं होतं. पण त्या प्रचंड निकालपत्रात बहुमताने लिहिलेलं एक वाक्य मला आईच्या बोटांमुळे सापडलं. माणसाने स्वतः कमावलेला लाभ, उदाहरणार्थ सरकारी कर्मचाऱ्याचं पेन्शन, आधारची अट घालणाऱ्या त्या कलमात येऊ शकत नाही, कारण तो त्याचा हक्क आहे. मी ते आईला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला सांगितलं, मावशींनी नाव वाचायला सांगितलं होतं तसंच. मग म्हणाली, “हे त्या मुलाला माहीत नसेल बिचाऱ्याला.”

मला तिच्या या ‘बिचाऱ्या’चाही त्या दिवशी राग आला. तिने रागवावं असं वाटत होतं. एकतीस वर्षं पावसापाण्यात चालत जाऊन शिकवलेल्या बाईने, हक्काचे पैसे मागताना, आपल्या बोटांबद्दल माफी का मागावी? पण तिला रजिस्टराची दुसरी बाजू माहीत होती. पेन हातात असणाऱ्यावर किती दडपण असतं, चुकलं तर कोण विचारणार असतं, हे तिने भोगलं होतं. १ जूनवाला तिचा एक विद्यार्थी एकदा घरी आला होता, चाळिशीचा, हातात दाखला. आडनावात एक काना जास्त पडला होता. त्या कान्यामुळे त्याच्या वडिलांचा सातबारा आणि त्याचा दाखला एका माणसाचे ठरत नव्हते. आईने तो दाखला धरला तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला होता. काना तिच्याच हातचा होता. ती त्याच्याबरोबर दोनदा तालुक्याला जाऊन आली, प्रतिज्ञापत्र केलं, आणि परत येताना वाटेत एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशीही ठसा उठला नाही. डोळ्यांनी करू म्हणाले, तर ते यंत्र त्या शाखेत नव्हतं. फोनवर चेहरा धरून पाहिला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईचे डोळे उजेडात मिटतात, आणि फोन सारखा सांगत होता, डोळ्यांची उघडझाप करा. तिसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या मागच्या केबिनमध्ये गेले आणि कागदी फॉर्मवर घ्या म्हणाले. तिथले साहेब पन्नाशीचे होते. काही न बोलता त्यांनी खण उघडून फॉर्म काढला. आईने सही केली. हात कापत होता. त्यांनी जुन्या कार्डावरची सही शेजारी धरली आणि मी श्वास धरला, कारण ती जुळत नव्हती. कार्डावरची सही फळ्यावरच्या अक्षरासारखी ठाम होती, आणि ही उतरत गेली होती.

साहेबांनी चष्मा काढला. आईकडे पाहिलं, बरंच पाहिलं. “कुठल्या शाळेत होता बाई?” आईने सांगितलं. “किती साली निवृत्त?” सांगितलं. “आणखी एकदा करा सही, सावकाश.” तिने केली, तशीच उतरती. त्यांनी फॉर्म स्वतःकडे ओढला आणि खालच्या मोकळ्या जागेत निळ्या शाईने लिहिलं : माझ्या समक्ष सही केली. खाली स्वतःचं नाव, तारीख, शिक्का. आईने मान वाकडी करून ते उलट्या बाजूने वाचलं आणि ‘समक्ष’ या शब्दापाशी जरा थांबली.

घरी येताना रिक्षात ती खिडकीबाहेर बघत होती. “मीही तेवढंच करायचे,” एवढंच म्हणाली.

रात्री मी स्वयंपाकघर आवरून आले तर ती पलंगावर बसून, मांडीवर जुना टॉवेल पसरून, अंगठ्याला तेल चोळत होती.

“अगं, झालं ना काम.”

“असू दे,” ती म्हणाली आणि दुसऱ्या बोटाला लागली. “पुढच्या वर्षी उठायला हवीत ना.”